रामशेजचा कातळ आणि भोरगडचे गवत

दिंडोरी म्हटले की द्राक्षबागा आठवतात. पण नाशिकहून पेठ रस्त्याने निघून आशेवाडीकडे वळलो की तालुक्याचे दुसरे रूप दिसते. समुद्रात घुसलेल्या भूशिरासारखा रामशेजचा काळा कातळ शेतांच्या मधोमध उभा आहे. सप्टेंबरमध्ये आम्ही कुटुंबासह वर गेलो.

हा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. कठीण थरांचे सरळ कडे झाले, मऊ थर झिजून उतार झाले. सन १६८२ पासून मराठ्यांनी हा किल्ला मोगल फौजेविरुद्ध पाच वर्षांहून अधिक काळ लढवला. त्या शौर्याची आठवण सगळे काढतात. खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांची फारसे कुणी काढत नाही. पाणी नसते तर वेढा किती दिवस टिकला असता?

“अब्बा, इथे माती कुठे आहे?” धाकट्याने विचारले. आम्ही त्याला दगडावरचे राखाडी डाग दाखवले. बुरशी आणि शेवाळ मिळून हा जीव बनतो. आपल्या मसाल्यातले दगडफूलही त्यातलेच. तो दगडाला चिकटतो, धूळ धरतो. भेगेत चिमूटभर माती साचली की गवत, मग सोनकी, मग करवंद. सायप्रस बेटाच्या ग्रेको भूशिरावरही झुडपे अशीच खडकाला धरून जगतात. फरक एवढाच की तिथे पाऊस हिवाळ्यात येतो आणि उन्हाळा कोरडा जातो. इथे चार महिने धो धो आणि पुढे आठ महिने जवळजवळ काही नाही. कुदरतीचे हे काम फार सावकाश चालते. उन्हाळ्यातला एक वणवा ते एका दुपारीत पुसून टाकतो.

शेजारच्या भोरगडाची गोष्ट म्हणूनच महत्त्वाची. तिथले सुमारे साडेतीन चौरस किलोमीटर जंगल २००८ मध्ये संवर्धन राखीव जाहीर झाले. असा दर्जा मिळालेले ते राज्यातले पहिले क्षेत्र. वनखाते, गावकरी आणि नाशिकचे निसर्गप्रेमी यांच्या मेहनतीने तिथले उघडे डोंगर पुन्हा हिरवे होऊ लागले.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेजवळ नकीअ येथे घोड्यांसाठी कुरण राखून ठेवले होते. अशा राखीव कुरणाला ‘हिमा’ म्हणतात. पुढे हजरत उमर (र.) यांनी आणखी कुरणे राखली, तेव्हा तिथल्या कारभाऱ्याला बजावले की ज्याच्याकडे मोजकेच उंट आणि मेंढ्या आहेत त्याला आत येऊ द्या, श्रीमंतांच्या कळपांना मात्र सवलत नाही. गरिबाची जनावरे मेली तर तो मुलाबाळांसह खजिन्याच्या दारात उभा राहील, हे त्यांनी ओळखले होते.

आमच्या मते डोंगर राखण्यातला खरा पेच हाच आहे. चराई थांबली नाही तर झाडे उगवत नाहीत. आणि थांबवली तर चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बाईने काय करायचे? संवर्धन राखीव क्षेत्राच्या समितीत कायद्याने ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो. त्या बैठकीत चाऱ्याचा विषय झाडांच्या आधी निघायला हवा.

रामशेजला जायचे असेल तर पाऊस ओसरल्यावर जा. पाणी घरून न्या आणि टाक्यांत हातपाय धुऊ नका. वजूसाठी बाटलीभर पाणी पुरते.