चांदणी कुठल्या घरी?

सण माणसांना एकत्र आणतात, असे आम्ही मास्तर लोक मुलांकडून वर्षानुवर्षे निबंधात लिहवून घेतो. माणसे वेगळी झाली म्हणजे सण कुणाच्या वाट्याला जातो, हा विषय मात्र कुणी देत नाही. भांडीकुंडी वाटून घेता येतात. पंचवीस डिसेंबर कसा वाटायचा?

माझ्या मुलीचे लग्न ख्रिस्ती मुलाशी झाले, १९५४च्या विशेष विवाह कायद्याने आणि दोन्ही घरांच्या संमतीने. आता दोन वर्षे ती बालाघाटला आमच्याकडे आहे, जावई नागपुरात. आठ वर्षांचा नातू आईजवळ असतो. १८९०चा पालक व पाल्य कायदा मुलाचे हित पाहायला सांगतो. पण नाताळच्या रात्री पोराने कुठे झोपावे, हे कायदा कसे सांगणार? परवा जावयांचा फोन आला, "बाबा, नाताळला पाठवाल का त्याला?" मुलगी म्हणाली, "दिवाळी इथे केली, नाताळही इथेच करू. केक मी करीन." नातवाचा प्रश्न निराळाच होता : "आजोबा, चांदणी कुठल्या घरी लावायची?"

अशा वेळी मला रेव्हरंड टिळकांचे घर आठवते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना नारायण वामन टिळकांना गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने 'नवा करार' दिला. तो लोहमार्ग आमच्या शेजारच्या गोंदियावरूनच जातो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळक मुंबईत ख्रिस्ती झाले आणि घर दुभंगले. दत्तू आईजवळ राहिला. पुढे लक्ष्मीबाई नवऱ्याकडे आल्या, त्या आपले सोवळेओवळे घेऊनच. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या विचाराने. 'स्मृतिचित्रे' वाचताना माझे मन रेंगाळते ते या मधल्या दिवसांत. मते जुळली नव्हती, तरी एकाने दुसऱ्याची चूल विझवली नाही.

त्यांचा संसार पुन्हा उभा राहिला. आमच्याकडे तसे होईल, असे मी धरून चाललेलो नाही. पण टिळकांची गीते आजही मराठी देवळांतून म्हटली जातात, आणि नातवाला ती पाठ आहेत, बापाच्या शेजारी उभे राहून शिकलेली. केक आमच्या भट्टीत होईल. ते शेजारी उभे राहणे आम्ही कुठून आणणार?

मुलीला मी एवढेच म्हटले. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कागद घेऊन बसली. चोवीसला दुपारी नातू गोंदियाला, तिथून वडिलांबरोबर नागपूर. रात्रीची उपासना, पंचवीसचे जेवण तिकडे. सव्वीसला संध्याकाळी परत. केक त्या दिवशी इथे. चांदण्या दोन, दोन्ही घरी. करंज्यांचा एक डबा सोबत द्यायचा, हे तिने शेवटी बारीक अक्षरात लिहिले आहे.

चोवीसला गोंदियाच्या फलाटावर त्याला सोडायला कोण जाणार, ती जागा अजून कोरी आहे. ती म्हणते, "बाबा, तुम्ही जा." मी म्हणतो, "तू जा."