टिल्ट : बोलोन्याच्या तीन भावांचे यंत्र

१/७
पिनबॉलच्या यंत्राच्या पोटात एक छोटा लंबक टांगलेला असतो आणि त्याभोवती धातूची कडी असते. खेळणाऱ्याने पेटी फार जोरात हलवली की लंबक कडीला टेकतो, विद्युतमंडल पूर्ण होते आणि चेंडू उडवणाऱ्या दांड्या निर्जीव होतात. फलकावर शब्द उजळतो : ‘टिल्ट’. हलका धक्का हे कौशल्य ठरते, जोराचा धक्का हा अपराध.

२/७
हा खेळ नशिबाचा की कौशल्याचा, हा प्रश्न कायद्यालाही पडला. १९४२ मध्ये न्यूयॉर्कने त्याला जुगार ठरवून बंदी घातली. महापौर ला गार्डिया यांनी स्वतः हातोडा उचलला. खेळणाऱ्याच्या हाती दांड्या आल्या त्या १९४७ मध्ये, गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’त. तरीही न्यूयॉर्कची बंदी उठण्यास १९७६ साल उजाडले.

३/७
इटलीत या खेळाला त्या दांड्यांवरूनच ‘फ्लिपर’ म्हणतात. तेथील कायद्याला फुकटचा डाव हे बक्षीस मान्य नव्हते. म्हणून गॉटलिबने इटलीसाठी निराळी यंत्रे घडवली : जिंकणाऱ्यास नवा डाव नव्हे, केवळ जादा चेंडू.

४/७
अशा देशात मारिनो, फ्रँको आणि नाताले या झक्कारिया बंधूंनी स्वतःची यंत्रे बनवण्याचे धाडस केले. गाव बोलोन्या, म्हणजे दुकाती मोटारसायकलींचे गाव. लोखंड आणि विजेशी खेळणाऱ्या हातांची तेथे वाण नव्हती. १९७४ पासून ‘झक्कारिया’ हे नाव पिनबॉलवर झळकू लागले.

५/७
दशक सरता सरता रिलेंच्या खडखडाटाची जागा मायक्रोप्रोसेसरने घेतली. शिकागोच्या बलाढ्य कंपन्यांशी स्पर्धा करणाऱ्या या कारखान्यातून १९८३ मध्ये ‘फार्फाल्ला’ (फुलपाखरू) आणि ‘टाइम मशीन’ ही यंत्रे बाहेर पडली. संग्राहक आजही ती शोधत असतात.

६/७
मात्र तोवर नाणी पडद्यावरच्या खेळांकडे वळली होती. झक्कारियांनी ‘क्वासार’, ‘जॅक रॅबिट’ असे व्हिडिओ गेमही काढले. म्हणजे ज्या लाटेने पिनबॉल बुडत होता, तिच्यावर स्वार होण्याचा यत्न त्यांनीही केला. दशक संपण्यापूर्वी त्यांच्या पिनबॉलची निर्मिती थांबली.

७/७
त्यांची यंत्रे आता संगणकावर आभासी रूपात खेळता येतात. तेथे खऱ्या पेटीचा भार तळहातांना जाणवत नाही. इटालियन भाषेत मात्र संगणक अडकला, वाहतूक कोलमडली किंवा माणूस भांबावला, की आजही लोक म्हणतात : ‘आंदारे इन टिल्ट’, टिल्टमध्ये जाणे. ज्यांनी आयुष्यात कधी पिनबॉल खेळला नाही, तेही.