मुक्या जीवांचा खाऊ

‘खाऊ’ या शब्दाला मराठी घरात जो गोडवा आहे, तो ‘आहार’ किंवा ‘भोजन’ या भारदस्त शब्दांना कधीच लाभला नाही. पाहुणा दारात येतो आणि आधी मुलांच्या हातावर खाऊचा पुडा ठेवतो. आजीच्या डब्यातून निघालेल्या चार बेदाण्यांनी पोट भरत नाही. पण नातवाचे मन भरते. ज्याच्यावर आपला जीव जडतो त्याला आपल्यातला खाऊ द्यावा, ही रीत मुले अशी घरातच शिकतात. गणपतीच्या पायाशी बसलेला उंदीरही त्यांना लाडू हाती घेतलेलाच दिसतो. मग घरी ससा, गिनिपिग किंवा हॅम्स्टर आला, म्हणजे त्याच्याही पुढे मूठभर मनुका धराव्यात असे त्यांना वाटले, तर त्यात नवल ते काय?

ठाणे शहरातील खोपट हा गजबजलेला भाग. ‘खोपट’ या शब्दाचा अर्थ गवताकाड्यांची झोपडी. पण आज तेथे इमारतींची दाटी आहे आणि एस.टी.च्या आगारात गाड्यांची वर्दळ चालू असते. उन्हाळ्याच्या सुटीनंतर कोकणातून परतणाऱ्या ठाणेकरांच्या पिशव्यांत आंबापोळी, फणसपोळी आणि आमसुले हटकून असतात. अशा वस्तीतल्या लहान घरांत गाय-वासरू कोठून येणार? तेथे गॅलरीतल्या पिंजऱ्यात मावेल असाच जीव पाळला जातो. त्याच्यापुरते ते एक खोपटच! मग त्या खोपटातल्या पाहुण्याचा पाहुणचार करण्यासाठी मुलांची चढाओढ लागते. एकाने मनुका द्यावी, दुसऱ्याने आंबापोळीचा तुकडा, तिसऱ्याने खारकेचा. प्रत्येकाने दिलेले थोडेच असते; परंतु पोट एकच असते.

एवढीशी मनुका ती काय, असे वाटते खरे. तिच्यात काय साठले आहे हे पाहायचे, तर सांगली जिल्ह्यातील तासगावकडे वळले पाहिजे. तेथे द्राक्षांचे घड शेडमधील जाळ्यांवर पसरून वाऱ्यावर सुकवतात. सुमारे ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा होतो. सुकताना उडून जाते ते पाणी; साखर जागच्या जागी राहते. १०० ग्रॅम ताज्या द्राक्षांत साखर सुमारे १६ ग्रॅम असते, तर १०० ग्रॅम बेदाण्यांत ती ६० ग्रॅमांच्या आसपास भरते. आंबापोळीत तर आमरसाच्या गोडीवर पुष्कळदा वरून साखरही घातलेली असते.

सशाचे शरीर इतक्या गोडीसाठी घडलेले नाही. तो कुरतडतो म्हणून पुष्कळ जण त्याला उंदराच्या कुळात ढकलतात; परंतु त्याच्या वरच्या पुढील दातांमागे आणखी दोन लहान दात असतात आणि प्राणिशास्त्रज्ञ त्याचा गण निराळा मानतात. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात, व चिवट गवत चावून चावूनच ते झिजतात. त्याच्या आतड्याला जोडून एक मोठी पिशवी असते. तीत राहणारे असंख्य सूक्ष्म जीव गवतातले तंतू आंबवून त्यांतून पोषण काढतात. तेथे तयार झालेल्या मऊ लेंड्या ससा पुन्हा खातो. हे ऐकून कोणी नाक मुरडील. पण एकाच गवतातून दोनदा सत्त्व काढण्याची ही त्याची युक्ती आहे. या पिशवीत साखरेचा लोट आला, की सूक्ष्म जीवांचा तोल ढळतो. पोटात वायू धरतो, आतड्यांची हालचाल मंदावते, कधी कधी थांबतेही. त्यातून सशाला ओकारी होत नाही. एकदा गिळलेले तोंडावाटे बाहेर टाकण्याची सोय त्याला नाही. तो आरडाओरडा करत नाही. कोपऱ्यात अंग चोरून बसतो आणि खाणे सोडतो. अशा वेळी ‘उद्या पाहू’ म्हणून चालत नाही. त्याच दिवशी त्याला पशुवैद्याकडे नेले नाही, तर तो दगावण्याची भीती असते.

हॅम्स्टरचा हिशेब आणखी बिकट आहे. १२० ग्रॅम वजनाच्या सोनेरी हॅम्स्टरने एक मनुका खाणे म्हणजे, वजनाच्या प्रमाणात, ३६ किलो वजनाच्या मुलाने एका बैठकीत ३०० मनुका खाणे होय! पोटाचे शास्त्र म्हणजे काही सरळ त्रैराशिक नव्हे. तरी या आकड्यावरून अंदाज येतो. शिवाय हा प्राणी गालांतल्या पिशव्यांत खाऊ साठवतो, आणि फळाचा चिकट तुकडा तेथे अडकून बसू शकतो. बुटक्या हॅम्स्टरांच्या काही जातींना तर मधुमेहही सहज जडतो.

गिनिपिगची गोष्ट निराळी आणि मोठी बोधप्रद आहे. माणसाप्रमाणेच त्याच्याही शरीराला ‘क’ जीवनसत्त्व स्वतः तयार करता येत नाही. १९०७ साली आक्सेल होल्स्ट व थिओडोर फ्रोलिख या नॉर्वेतील संशोधकांनी गिनिपिगांना धान्य आणि पाव यांवर ठेवले, तेव्हा त्यांना स्कर्व्ही झाला. लांबच्या सफरीवर खलाशांच्या हिरड्यांतून रक्त वाहू लागे, तोच हा रोग. ताजा भाजीपाला दिल्यावर तो टळला. या लहानशा प्राण्याने माणसाला स्वतःच्याच आहारातली उणीव दाखवून दिली, असे म्हटले पाहिजे. फळ सुकवले, की त्यातले हे जीवनसत्त्व बरेचसे नाहीसे होते. म्हणून गिनिपिगला मनुकेपेक्षा ढोबळी मिरचीची ताजी फोड अधिक उपकारक ठरते.

मग मनुका दिसताच हे प्राणी धावत का येतात? रानात गोड फळांचा मोसम थोड्या दिवसांचा असतो. तेव्हा मिळेल ते खाऊन घ्यावे, हा शहाणपणा पूर्वजांकडून त्यांच्या अंगी उतरला आहे. घरात मात्र बरणीचे झाकण उघडले, की तो मोसम रोज येतो. धावत येण्यातून प्राण्याची आवड कळते. त्याचे हित जाणण्याचे काम बरणी ज्याच्या हाती आहे त्याचे.

याचा अर्थ खाऊ देऊच नये, असा मुळीच नाही. पूर्ण वाढलेल्या निरोगी सशाला किंवा गिनिपिगला आठवड्यातून एक-दोनदा एखादी मनुका पुरे. हॅम्स्टरला तिचा लहानसा कण. तीही साखर, मीठ वा तेल न लावलेली असावी. पिल्लांना, लठ्ठ किंवा आजारी प्राण्यांना एवढीही नको. घरात कुत्रा असेल, तर त्याला एकही मनुका देऊ नये. तिने त्याच्या मूत्रपिंडांना अपाय होतो. खाऊ कोणी व केव्हा दिला, याची नोंद पिंजऱ्याजवळ लिहून ठेवली, तर चार हातांचा खाऊ एका पोटात जात नाही. सशाचा रोजचा खाऊ म्हणजे गवतच. औषध न फवारलेल्या, स्वच्छ धुतलेल्या दूर्वांची जुडी पुढे ठेवावी, म्हणजे गणपतीला वाहिली जाणारी ती हिरवी पाती ससा किती आनंदाने खातो, ते दिसते.

जातककथांत एक ससा आहे. समोर आलेल्या याचकाला काय द्यावे, या चिंतेत तो पडला. त्याच्याजवळ होते ते गवत. आणि गवत माणसाच्या उपयोगाचे नाही, हे तो जाणून होता. म्हणून त्याने स्वतःचा देहच अग्नीत झोकून दिला. याचक होऊन आलेल्या इंद्राने त्या अग्नीची आच त्याला लागू दिली नाही व सशाचे चित्र चंद्रावर रेखाटले, असे ती कथा सांगते. त्या सशाच्या त्यागाची थोरवी सर्वांना ठाऊक आहे. पण त्याआधीची एक लहान गोष्ट सहज नजरेआड होते. द्यायला निघण्यापूर्वी त्याने आपल्या मनाला विचारले होते, की घेणाऱ्याला हे चालेल काय? सशापुढे मनुका धरणाऱ्याने तेवढे विचारले, तरी पुष्कळ झाले.