पंचविशीचं नाणं

मुळशी खोऱ्यातल्या आमच्या घरी लक्ष्मीपूजनाला देव्हाऱ्यात दोन नाणी शेजारी बसतात. एक पंचम जॉर्जचा बंदा रुपया. दुसरं दहाचं, 1972 सालचं, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं. मान पहिल्याला, माझा जीव दुसऱ्यावर.

अंगापिंडानं हे थोराड. साडेबावीस ग्रॅमचं, ठेवलं की तळहात भरतो. एका बाजूला सिंहमुद्रा, दुसरीकडे संसद भवनापुढे झेंडा धरलेली तरुण-तरुणी. सालाखाली चौकटच्या आकाराची बारीक खूण, मुंबईच्या टांकसाळीची. आजी दर दिवाळीला चिंचेनं घासायची. त्यात त्या मुलीचे नाकडोळे झिजले. झेंडा शाबूत आहे.

सोनार मात्र नाक मुरडतो, कारण यात चांदी निम्मीच. हिशेब करून बघा. जॉर्जचा रुपया तोळ्याचा, 11.66 ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे जेमतेम 10.69 ग्रॅम. आपल्या या नाण्यात 11.25. दहा रुपये मिळून गोऱ्यांच्या एका रुपयाहून अर्धा ग्रॅम जास्त! पण ही घसरण स्वराज्यानं सुरू केली नाही. 1940 मध्ये, महायुद्धात, इंग्रजांनीच रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि 1947 मध्ये ती काढून निकेल घातलं. हिणकसपणाचा डाग एकट्या या नाण्यावर कशाला?

त्याचं जन्मसालही कठीण. महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता, घरोघरी मिलो ज्वारीच्या भाकरी होत्या. आणि मुळशीकरांना तर राज्य कुणाचं, हा प्रश्न फार आधी पडला होता. जॉर्जचा रुपया चालत असतानाच, 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीला, इथं धरणाविरुद्ध सत्याग्रह उभा राहिला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. शेतं तरी पाण्याखाली गेलीच. धरणाचं पाणी आजही घाटाखाली भिऱ्याला उतरतं आणि वीज मुंबईकडे जाते. त्याच मुंबईत हे नाणं पाडलं गेलं. म्हणून त्यावर राजाचा मुखवटा नाही, दोन साधी पोरं आहेत, हे मला चांदीहून मोलाचं वाटतं.

चांदीचा भाव चढला की अशी नाणी मुशीत जातात. तुमच्या डब्यात एखादं असेल तर मोडू नका, आणि चिंच तर मुळीच लावू नका.