घशातले दात

चि. सई,


इंग्लंडातल्या ली नदीवरचा फोटो पोचला. गळाला लागलेला तुझा पहिला मासा! खाली लिहिलंयस, ‘मामा, हा चब. इथले म्हणतात नुसते काटे, खाण्यात मजा नाही.’ सोडून दिलास ते बरंच केलंस, पण ही कुरकूर फार जुनी आहे बघ. याच ली नदीकाठी गळ टाकणाऱ्या आयझॅक वॉल्टनने 1653 साली ‘द कम्प्लीट अँगलर’ लिहिलं, त्यात चबची हीच बदनामी आहे. त्याचा उपाय असा की मासा पकडल्यावर लगेच रांधावा, दुसऱ्या दिवसावर ठेवू नये, आणि त्याचा घसा स्वच्छ धुवावा, कारण तिथे शेवाळ-गवत अडकलेलं असतं.

घसाच का? तर या मंडळींच्या जबड्यात दात नसतातच. असतात ते घशात, कल्ल्यांच्या मागच्या हाडावर. ओठाला बोट लावलंस तर काही टोचणार नाही. आत घातलंस तर मात्र चब ते चांगलंच चिरडेल. आपल्या रोहूचीही हीच तऱ्हा. परवापरवापर्यंत चब, मिन्नो, रोहू, महाशीर सगळे एकाच ‘सिप्रिनिडी’ कुळात नांदत होते. अलीकडे शास्त्रज्ञांनी वाटण्या केल्या आणि चब-मिन्नोंचं बिऱ्हाड वेगळं झालं. वाटण्या झाल्या तरी घसा तोच.

तुझ्या गावचा आणि माझ्या गावचा आणखी एक धागा सांगतो. विल्यम सायक्स नावाचा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी दख्खनभर फिरला, आणि 1839 मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कार्यवृत्तात त्याची इथल्या माशांची यादी छापून आली. शास्त्रीय नाव म्हटलं की लॅटिन हवं. या गृहस्थाने इथल्या लोकांच्या तोंडची नावंच त्यात बसवली. पोटेल, नुक्ता, मुल्या, अलकुटी! हनुवटीखालच्या चकतीने खडकाला चिकटून राहणारा आपला मळ्या आजही जगभर ‘गारा मुल्या’ आहे. नाकाडावर खाच असलेला नुक्ता कृष्णेच्या खोऱ्यातला. आणि ‘खुद्री’ महाशीर, म्हणजे आपली खडशी, सायक्सला मिळाली ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेत. मी इतकी वर्षं संगम पुलावरून जातो, मला तिथे ती कधी दिसली नाही. पाण्याचा रंग तुला ठाऊकच आहे. म्हणजे नदीकाठच्या माणसांनी ठेवलेलं नाव पाठ्यपुस्तकात टिकलं आणि त्या नावाचा मासा शहराबाहेर गेला. याचा मला सायक्सवर नाही, आपल्यावर राग येतो.

असो. तुझ्या आजीने चब पाहिला असता तर पहिल्यांदा चिंच भिजत घातली असती. बारीक काटे आंबटात मऊ पडतात, असं ती म्हणायची. वॉल्टनला हे कुणी सांगितलं नाही.

आता एक शंका. तुझा मासा चबच कशावरून? त्याचा भाऊबंद डेस लहानपणी हुबेहूब तसाच दिसतो. पोटाखालचा शेवटचा पर बघायचा: कड बाहेर फुगलेली असेल तर चब, आत वळलेली असेल तर डेस. फोटोत नेमका तोच पर तुझ्या अंगठ्याखाली झाकलाय. पुढच्या वेळी अंगठा जरा वर धर.

तुझा,
मामा