लंगडे चाक आणि खारी माती

गेल्या उपवासकाळातील एका रविवारी आम्ही प्रवचनात मंगळ ग्रहावरील एका गाडीचा दृष्टान्त दिला होता. अमेरिकेच्या नासा संस्थेने पाठविलेली ही सहा चाकांची यांत्रिक गाडी २००४ च्या जानेवारीत तेथील गुसेव नावाच्या विवरात उतरली. तिचे नाव ‘स्पिरिट’, म्हणजे आत्मा. धर्मगुरूचे लक्ष तिकडे वळावे यात नवल ते काय! सुमारे तीन महिने चालली तरी पुरे, अशा हिशेबाने केलेली ही गाडी वर्षांमागून वर्षे चालत राहिली. मार्च २००६ मध्ये तिचे पुढचे उजवे चाक कायमचे बंद पडले. तेव्हापासून पृथ्वीवरील चालक तिला उलटी हाकू लागले आणि ते निकामी चाक मागून फरफटत येऊ लागले.

त्या फरफटीने जमिनीत चर पडला आणि तांबूस धुळीखालची पांढरी-पिवळी माती उघडी झाली. ती खारी निघाली. वाचकांनी मात्र स्वयंपाकघरातील मीठ, किंवा जुन्या विधीप्रमाणे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या जिभेवर ठेवीत असत ती चिमूट, डोळ्यांपुढे आणू नये. हे गंधकयुक्त क्षार, म्हणजे सल्फेट. पुष्कळसे लोखंडाचे, आपल्याकडील हिराकसाच्या गोत्रातले. त्यांच्या घडणीत पाण्याचा वा वाफेचा हात असतो. ज्या ग्रहावर आज साधे डबकेही आढळत नाही, तेथे एके काळी ओल होती याची ही साक्ष. पुढे २००७ मध्ये त्याच चाकाने जवळजवळ ९० टक्के शुद्ध सिलिका उकरून वर काढली.

धडधाकट चाक वरच्यावर फिरून गेले असते. लंगड्याने चर पाडला. एवढे सांगून आम्ही प्रवचन आटोपले. लोक संतुष्ट दिसले, आम्हीही होतो.

पुढील महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांस ख्रिस्तशरीर देण्यास निघालो असता एका आजीबाईंकडे गेलो. पक्षाघाताने त्यांचे उजवे अंग गेलेले. नातीने त्यांना प्रवचन सांगितले होते.

“फादर, त्या गाडीचं पुढं काय झालं?”

आम्ही चपापलो. शेवट आम्हांस ठाऊक होता; प्रवचनात बसेना म्हणून गाळला होता. २००९ साली ती गाडी अशाच खाऱ्या मातीत रुतली. वरचा पापुद्रा फुटला, खालची माती भुसभुशीत. महिनोन्महिने खटाटोप चालला. त्यात मागचेही एक चाक गेले. हिवाळ्यात सूर्याकडे कलता येईना, म्हणून वीज पुरेना. २२ मार्च २०१० नंतर तिचा निरोप आला नाही.

हे सारे आजीबाईंना सांगितले. रुतल्या जागीही चाकांनी चिवडलेली माती तिने तपासली, सहज विरघळणारे क्षार खालच्या थरात उतरलेले आढळले, त्यावरून तेथे पाणी थोडे थोडे झिरपले असावे असे अनुमान निघाले, हेही घाईघाईने जोडले. ते त्यांनी ऐकले असे वाटत नाही.

“बाहेर नाहीच निघाली?”

“नाही, आजी.”

“अजून तिथंच आहे?”

“तिथंच आहे.”

डाव्या हाताने उजवा हात उचलून त्यांनी तो मांडीवर नीट ठेवला आणि “बरं” म्हणाल्या. आम्ही डबी उघडली.