झोप आणि अंथरूण

हुतूतूत विचार करायला वेळ मिळत नाही, असे लोक म्हणतात. मी म्हणतो, वेळ मिळाला की गडी मेलाच!

माझे बालपण अमरावतीचे. १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा संघ १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आला होता. त्या गोष्टी ऐकतच आम्ही मातीत लोळलो.

एकदा अकोल्याला अंतिम सामना होता. आमचे सहा गडी बाद. मी एकटा उरलेला. दम धरून मध्यरेषा ओलांडली आणि प्रेक्षकांचा कल्लोळ एकाएकी विरला. कोण झेपावणार, हे जणू त्याच्याआधी मलाच कळत होते. भानावर आलो तो रेषेच्या अलीकडे! तिघांना मारून आलो होतो. आमचे तीन गडी जिवंत झाले.

पुढच्या चढाईला मात्र मनाला बजावले, 'पुन्हा तसेच भान हरपले पाहिजे.' तेवढ्यात कोपऱ्यातल्या गड्याने घोटा पकडला. सामना गेला. सोबत्यांकडे पाहवेना.

आव्हान आणि कौशल्य तोलास तोल असले की माणूस स्वतःला विसरतो, असे मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने 'फ्लो' या १९९० च्या ग्रंथात सांगितले. आमचे वस्ताद त्या रात्री परतीच्या गाडीत एवढेच म्हणाले, "पोरा, झोप का बोलावून येते? आपण अंथरूण टाकून ठेवावं."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पुन्हा मैदानावर होतो. अंथरूण टाकायला!